प्रवाळ खाणाऱ्या माशाची पाठ

फुलपाखरू माशांची एक जात फक्त जिवंत प्रवाळावर जगते. शरीर ताटलीसारखे चपटे, डोळ्यावरून गेलेला काळा पट्टा आणि तोंड चिमट्याच्या टोकाएवढे. त्या तोंडाने हा मासा प्रवाळाचे इवलेसे मऊ जीव एकेक करून टिपतो. दगडी सांगाडा तसाच मागे राहतो. पिल्ले प्रवाळाच्या दाट फांद्यांत एकेकटी लपून वाढतात. मोठेपणी जोडी जमली की दोघे मिळून आपला टापू राखतात आणि दिवसभर त्याच वाटांनी चरत फिरतात. प्रवाळ मेले की त्यांचे अन्न संपते, आणि दुसरे काही खाण्याची सवय या जातीला सहसा लागत नाही.

मत्स्यालयात रोज जिवंत प्रवाळ कुठून आणणार? म्हणून तिथल्या खाद्यघरात काम करणाऱ्या काकू शिंपल्यांतले मांस बारीक वाटत आणि मेलेल्या प्रवाळाच्या भोकाभोकांत अंगठ्याने दाबून भरत. सगळे त्यांना 'वाटणवाल्या काकू' म्हणत. तिकीट खिडकीवरचा माणूस आपला डबा उघडता उघडता म्हणे, "काकू, मासा व्हायला पाहिजे होतं मी. निदान कुणी भरवलं तरी असतं."

"तुम्हाला पोसणं नाही परवडायचं. तुम्ही खिडकीसकट खाल."

कामावर नव्याने आलेल्या प्रत्येकाला त्या एकच गोष्ट बजावत: तोंडाकडे पाहू नका. हा मासा उपाशी मरत असतानाही सवयीने दगडाला टोचत राहतो, घास तोंडात घेतो आणि वळून थुंकतो. पाहणाऱ्याला वाटते, जेवतो आहे. खरे काय ते डोक्यामागची पाठ सांगते. तिथले मांस उतरून धार दिसू लागली की मासा हातचा गेलाच.

काकूंचे यजमान छापखान्यात जन्मभर अक्षरांचे खिळे जुळवत आले होते. मोठ्या आजारातून ते उठले, पण अन्नावरची वासना उडाली ती उडालीच. पोटात काही गेले तरच निभावेल, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. कामावरून आल्या की काकू हातपाय धुऊन लगेच मऊ भात कालवत आणि चमच्याने भरवत. काका तोंड उघडत, चघळत, "आज मीठ बरोबर पडलंय" असेही म्हणत. काकू शेजारणीला सांगत, "आता खातात हो व्यवस्थित."

काही दिवसांनी लेक भेटायला आली. वडिलांचा सदरा बदलताना तिचे हात थबकले. खांद्यांची हाडे खुंट्यांसारखी वर आली होती. गादी आणि भिंत यांच्या फटीत रुमालाची पुरचुंडी सापडली. काकू पाणी आणायला उठत तेवढ्यात काकांनी तोंडातून काढलेले घास तिच्यात होते. लेकीने ती स्वयंपाकघरात नेऊन ओट्यावर ठेवली.

"आई, तुला दिसलं नाही? त्यांना सदरा तर रोज तूच घालतेस ना?"

"दिसत होतं गं," काकू म्हणाल्या. "पण तोंड हलताना बघितलं की बरं वाटायचं."

त्या संध्याकाळी त्यांनी भात कालवला नाही. कॉटच्या कडेला बसून विचारले, "अहो, माझ्यासाठी खात होतात होय?"

"खात कुठं होतो?" काकांनी हसायचा प्रयत्न केला. "तू दमून यायचीस. नाही म्हणवेना. गिळवतच नाही गं आता."

काकू चादरीची सुरकुती सरळ करत राहिल्या. ती सरळ झाल्यावरही हात फिरतच होता.

"बरं. नाही भरवणार."

"तू जेवलीस का?"

त्या जेवल्या नव्हत्या. किती तरी दिवस त्यांचे जेवण ओट्यापाशी उभ्याउभ्याच उरकत होते. लेकीने ताट वाढून आणले. काकूंनी पहिला घास तोंडात घातला, आणि तो गळ्याखाली उतरेपर्यंत काकांनी त्यांच्यावरची नजर काढली नाही.

पुढच्या महिन्यात काका गेले. तोवर रोज संध्याकाळी काकू त्यांच्यासमोर बसून जेवल्या, पोटभर, भूक नसली तरी.