साउंडवाल्या बाईंचा नारळ

काल कोलकात्यात, बालीगंजला आमच्या मराठी मंडळाने माझा सत्कार केला. मी डीजे, आणि क्लबमध्ये बायकांना निर्धास्त नाचता यावं म्हणून भांडणारी. शालीला डांबरगोळ्यांचा वास होता. त्या वासाने मला इथला आमचा पहिला गणेशोत्सव आठवला.

बाबांची नुकतीच बदली झाली होती, मी त्यांची मुलगी हे मंडळात कुणाला ठाऊक नव्हतं. माझ्या बीट्सवर काकूमंडळीही नाचली. आभारप्रदर्शन नव्या सभासदाकडे, म्हणजे बाबांकडे होतं. माझ्यापुढे नारळ धरत ते माइकवर म्हणाले, “आणि या आपल्या साउंडवाल्या बाई.”

“थँक्यू, सर,” मी म्हणाले. बाबांचा जीव भांड्यात पडला.

वर्षानुवर्षं मी त्यांच्यावर धुमसत राहिले. काल मात्र शाल घेताना मान वर होईना. ‘सर’ म्हणायला मला कुणीच सांगितलं नव्हतं.