खोट्या दवाखान्यातल्या बायका

आधी माझा वेडेपणा सांगून टाकते. शूटिंगला बोलावलंय म्हटल्यावर मी फेशियल करून, नवी साडी नेसून गेले! काम होतं सोळा बायकांना नऊवारी नेसवायचं. कॅमेरा माझ्याकडे एकदाच वळला, तेव्हा ओरडा ऐकू आला, "त्या मधे आलेल्या बाई कोण? हटवा!"

शूटिंगचे किस्से साठतात ते असे. शॉट दोन मिनिटांचा, वाट बघणं दिवसभर.

पिक्चर शंभर वर्षांपूर्वीच्या एका तरुण डॉक्टरचा. बायकांचे आजार बघता बघता एका पेशंटवरच त्याचं प्रेम बसतं. इथं कोल्हापुरात एका बंगल्यात दवाखान्याचा सेट लावलेला. बाकावर पेशंट म्हणून बसायला जवळच्या गडमुडशिंगी गावच्या बायका आणल्या होत्या.

*

डायरेक्टर म्हणाला, "आवाज नको, नुसते ओठ हलवा."

त्यातल्या अक्काताई साठीच्या. हिरो समोर आला तसा त्यांनी खराच गुडघा पुढं केला. "पायरी उतरताना लय दुखतोय बघा." दुपारपर्यंत हिरोपुढं खरी लाईन! तो बिचारा काकुळतीला आला, "अहो, मी ॲक्टर आहे!"

"असू दे की," अक्काताई म्हणाल्या. "खरा डॉक्टर मान वर करून बघत बी न्हाय."

*

एकदा डायरेक्टर समजावून सांगत होता. त्या काळी बाई रडली, चिडली, तिला झोप येईना, की डॉक्टर एकच नाव द्यायचे, हिस्टेरिया.

"आन् औषध?" अक्काताईंनी विचारलं.

"बऱ्याचदा सांगायचे, लग्न लावून द्या."

"आवं, त्येच्यानंच तर हुतंय!"

हिरॉईन इतकी हसली, की मेकअप परत करावा लागला.

*

तिसऱ्या दिवशी अक्काताईंच्या निऱ्या खोचताना मला दरदरून घाम फुटला. "काय हो या लाईटची धग!" मी म्हणाले.

"लाईट कवाच बंद केल्यात, बाई."

मी उरलेल्या निऱ्या खोचायला घेतल्या. पाच-सहा महिने हे असंच चाललंय. दोनदा दवाखान्यात जाऊन आले. काउंटरवरची मुलगी विचारते, "सोबत कोण आहे?" मी म्हणते, "गाडी लावतायत," आणि तशीच परत येते. गाडी लावणाऱ्याला जाऊन सात वर्षं झाली. लेक बंगळूरला. फोनवर "बरी आहेस ना?" म्हणते, प्रश्नातच उत्तर घालून. मी तेच उत्तर तिला परत देते.

*

शेवटच्या दिवशी एक बाई आलीच नाही. तिची नऊवारी मीच नेसले आणि पेशंटच्या खुर्चीत बसले. "काहीही बोला, आवाज घेत नाहीये," डायरेक्टर म्हणाला.

हिरोनं माझी नाडी धरली. "काय होतंय?"

आणि मी सांगतच सुटले! घाम, जागरण, डाळ करपली म्हणून तासभर रडणं, ती काउंटरवरची मुलगी, ती गाडी, सगळं! कट कधी झाला कळलंच नाही. भानावर आले, तर हिरो तसाच हात धरून बसलेला आणि कुणीही हसत नव्हतं.

मी पदराच्या पिना काढत होते, तर अक्काताई आल्या. "सोमवारी खऱ्या डॉक्टरकडं जाऊ. मी येतो की तुझ्यासंगट."

"नको हो," मी म्हणाले. "तिथं तासन् तास नुसतं बाकावर बसून राहायचं असतं. कंटाळाल."

"हितं चार दिस काय केलं मग?"