नानांची खिंडीतली वाट

नाना गेल्याचा फोन आत्याच्या सुनेने केला. मी पुण्याजवळ सूसच्या घरी सकाळचा डबा भरत होते. धरणाच्या वळणावर रस्त्याकडेच्या कठड्यावर टेकले होते, तिथेच कलंडले, असं ती रडत सांगत होती... आणि मी भलतंच विचारलं, "रस्त्यावर? ते रस्त्याने कशाला गेले?" तिला प्रश्न कळला नाही. कळणारही नव्हता. माझे वडील आयुष्यभर बहिणीकडे डोंगरातल्या खिंडीतून जात आले होते.

आमचं गाव मुळशीच्या पाण्याच्या एका अंगाला आणि आत्याचं दुसऱ्या. मध्ये डोंगराची एक सोंड थेट पाण्यापर्यंत उतरलेली. डांबरी रस्ता त्या सोंडेला भला मोठा वळसा घालतो. नाना मात्र घरामागून चढायचे, खिंड ओलांडायची, कारवीतून उतरायचं आणि आत्याच्या मागच्या दारात उभं राहायचं. भाताच्या लावणीला माणसं बोलवायला, कुणाचं भांडण मिटवायला, कधी नुसतंच काकडी द्यायला. आत्या तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा पुढे करायची, मग बोलणं. अंगाने शिडशिडीत, स्वभावाने तिरकस माणूस. ऑफिसातल्या मैत्रिणींच्या नादाने मी पळायला लागले तेव्हा म्हणाले होते, "मागं कुत्रं लागल्याबिगर मानूस पळतंय कशाला?" त्याच नानांचं नाव मी माझ्याबरोबर थंडीतल्या अर्ध मॅरेथॉनमध्ये घातलं. शर्यत आमच्याच गावावरून, धरणाच्या काठाने जाणार होती. थोडी हौस होती आणि थोडा तोरा. मैत्रिणींना दाखवायचं होतं की बघा, माझे वडील या वयात पळतात.

पळालेही झकास. पांढरा सदरा, त्यावर टाचलेला नंबर, पायात मी आणलेले बूट. वाटेतल्या प्रत्येक ओळखीच्या माणसाला हात वर करून ओ देत होते, कारण हाक मारणाऱ्याला ओ न देता पुढे जाणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. आमचं गाव मागे पडायच्या आधीच माझ्या पोटरीत गोळा आला. तुम्ही व्हा पुढे, मी येतेच, असं मी म्हटलं. मग मी लंगडत, थांबत सोंडेचा वळसा पुरा केला. टोकाला एक मुलगी प्रत्येकाच्या मनगटाला निळी रिबीन बांधत होती. रस्ता पुरा केल्याची ती खूण.

शेवटच्या कमानीपाशी पोहोचले तर नाना खुर्चीत बसलेले. गळ्यात साठीपुढच्या गटातलं पहिलं पदक, भोवती माझ्या मैत्रिणी. मनगट मोकळं होतं. मी रिबिनीचं विचारलं तर हसले. म्हणाले, "कसली रिबीन? मी खिंडीतनं आलो. तुझ्या आत्याकडं पानी प्यालो आन् आलो." मी डोळे मोठे केले तरी त्यांना काही कळेना. शर्यत म्हणजे लवकर पोहोचायचं, एवढंच त्यांच्या हिशेबी होतं. वर मलाच समजावलं, "रस्ता परवा झाला, पोरी. वाट आधीची हाय."

दुसरा आलेला गृहस्थ गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होता. त्याच्या हाताला रिबीन होती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून गप्प बसणं माझ्याने झालं नसतं, आणि आजही मी गप्प बसणार नाही. पण मी काय केलं? नानांना एक अक्षर न बोलता मी आयोजकांच्या टेबलाकडे गेले आणि तिथल्या माणसाला हळूच सांगितलं. मला वाटलं, हळूच सांगितलं की हळूच मिटेल. त्याने ते माईकवाल्याला सांगितलं. माईकवाला विनोदी होता. "आपले आजोबा चोरवाटेने आले बरं का मंडळी!" सगळं मैदान हसलं. माझ्या मैत्रिणीही हसल्या, वाईट मनाने नव्हे. मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकले. सुटलेली नव्हती.

नानांनी पदक स्वतःच काढलं, त्या गृहस्थाच्या हातात दिलं आणि दोन्ही हात जोडले. घरी जाताना गाडीत ते बाहेर बघत राहिले. ओट्यावर बूट काढताना एवढंच म्हणाले, "मी खोटं न्हाई बोललो." मी माहितेय म्हटलं. खरं सांगितल्याची मला लाज नाही. लाज आहे ती आधी परक्यांना सांगितल्याची. त्यांना बाजूला घेऊन शर्यतीचा नियम सांगितला असता, तर तेच उठून गेले असते आणि मान वर करून पदक देऊन आले असते. तेवढा वेळ मी माझ्या वडिलांना दिला नाही.

पुढच्या थंडीत त्यांनीच विचारलं, नाव घातलंस का? या वेळी पूर्ण अंतर आम्ही बरोबरीने गेलो, निम्मं पळत, निम्मं चालत. खिंडीची वाट फुटते तिथे कुणीतरी बांधावरून ओरडलं, "नाना, औंदा खिंड बंद हाय का?" नाना हसले, पण तिकडे पाहिलं नाही. सोंडेच्या टोकाला रिबीन बांधणाऱ्या पोरीपुढे हात धरून उभे राहिले आणि गाठ दोनदा मारायला लावली. आम्ही जवळजवळ शेवटचे आलो. मला वाटलं, चला, झालं गेलं मिटलं. माणूस स्वतःच्या सोयीने किती पटकन मिटवून टाकतो!

तेराव्यानंतर आत्याकडे गेले तेव्हा कळलं. त्या पहिल्या शर्यतीनंतर नाना खिंडीतून एकदाही आले नव्हते. यायचे ते रस्त्याने, भर उन्हात, सोंडेला पूर्ण वळसा घालून, आणि पुढच्या दाराने, पाहुण्यासारखे. "मी म्हनलं, दादा, गुडघं दुखत्यात तुझं, वाटनं येत जा," आत्या सांगत होती. "तर म्हनला, नगं. त्या वाटंपायी माझ्या पोरीला चारचौघांत मान खाली घालाय लागली."

डॉक्टर म्हणाले होते की हृदयाचा झटका कुठेही आला असता, घरात, शेतात, झोपेत. मी ते ऐकलं आहे, पाठही केलं आहे. उपयोग होत नाही.

खिंडीची वाट मोडली होती. ती जिवंत ठेवणारी पावलं बहुतेक त्यांचीच होती. घाणेरी इतकी माजलेली की पहिल्या रविवारी मी ओढणी फाडून घेऊन परत फिरले. मग नानांचा कोयता घेऊन जायला लागले. ऑफिसात हाताचे फोड बघून विचारतात, मी बागकाम म्हणते. गेल्या रविवारी वरून आत्याच्या घराची कौलं दिसली. उरलेली कारवी तोडत उतरले. पाचोळ्याचा आवाज झाला असावा. मी अंगणात पोहोचायच्या आत मागचं दार उघडलं आणि आत्या बाहेर आली, एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात गुळाचा खडा.

मला बघून ती जागीच थांबली. "मला वाटलं..." एवढंच म्हणाली.

मग तिने तांब्या माझ्यापुढे केला. मी पायरीवर बसले आणि मान खाली घालून गूळ खाल्ला.