चेहरा नसलेला सिंह

ती सकाळ अजून माझी पाठ सोडत नाही. उभी हयात पोलीस खात्यात गेली. खून पाहिले, समुद्रातून माणसं बाहेर काढली, एकदा चाकूचा वारही झेलला. पण आजही मनात सलते ती चांदीची एक साधी चोरी. त्यात कुणाला ओरखडाही आला नव्हता.

ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी सिडनीच्या उत्तर भागातल्या एका पोलीस स्टेशनात डिटेक्टिव्ह होतो. वसईहून आईवडिलांबरोबर इथे आलो तेव्हा मी विशीतला. आमच्या खात्यात तेव्हा माझ्यासारखा सावळा माणूस शोधूनही सापडला नसता. त्यामुळे आपल्याकडच्या कुणाचंही प्रकरण आलं की ते न बोलता माझ्या टेबलावर यायचं.

एका सोमवारी सकाळी एक कारागीर काउंटरवर आला. जुनं इंग्लिश फर्निचर आणि चांदी दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा त्या भागात कुणी नव्हता. टोपी हातात धरून, अगदी अदबीने बोलला. एका वृद्ध विधवेच्या घरी तो साइडबोर्डचा पाय बसवायला गेला होता. तिथे चांदीचे चार मेणबत्तीचे स्टँड होते, दोनशे वर्षांपूर्वीचे, जॉर्जियन काळातले. सहज एक उचलला आणि वजनावरूनच कळलं, ही नक्कल आहे. चारही बदललेले. महिनाअखेर विमा कंपनीचा माणूस तपासायला येणार होता, तेव्हा बाईंना धक्का बसण्यापेक्षा पोलिसांना सांगितलेलं बरं, असं त्याचं म्हणणं. जाता जाता तो म्हणाला की कुणाकडे बोट दाखवायची त्याची इच्छा नाही, पण चांदीला हात लावते ती फक्त कामवाली इंडियन बाई, आणि हल्ली चांदीचा विषय काढला की तिच्या तोंडचं पाणी पळतं.

खबर स्वतः चालत आली की पोलीस खूश होतो. आम्हीही झालो. सार्जंट मला म्हणाले, “तुझ्या भाषेतली आहे, मेट. तूच बोलतं कर.”

घर मोठं होतं. जेवणाच्या खोलीत महॉगनीचं लांब टेबल, नक्षीच्या पाठीच्या बारा खुर्च्या, भिंतीला तो साइडबोर्ड, त्यावर चहाची किटली, तबक आणि ते चार स्टँड. सगळं लखलखीत. मालकीणबाईंना डोळ्यांनी कमी दिसायचं. खुर्चीत ताठ बसून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “ती असं करणार नाही,” म्हणाल्या. मग मलाच विचारलं, “नाही ना करणार?”

ती बाई मागे कपडे धुवायच्या खोलीत होती. पस्तिशीची, किरकोळ अंगाची, गळ्यात बारीक क्रूस. मी बिल्ला दाखवला आणि तिची पाचावर धारण बसली. वरच्या फळीवर साबणाच्या खोक्यांमागे सार्जंटना एक बिस्किटांचा डबा सापडला. आत करडी, मैद्यासारखी मऊ भुकटी. सार्जंटनी माझ्याकडे पाहिलं. मी बोट बुडवून चोळलं. लाकडाची राख होती. राख लपवायची कशाला, हे मला कळेना.

आम्ही तिला स्टेशनवर आणलं. त्या काळी जबानी टाइपरायटरवर व्हायची. एक प्रश्न, एक उत्तर, खाली कार्बन लावून तीन प्रती, प्रत्येक पानावर सही. मी इंग्रजीत विचारत होतो आणि कागदावर उत्तराची जागा कोरी राहत होती. दोन तास ती हाताची बोटं मुठीत धरून बसली. घरचं सांगितलं तेवढंच. नवरा फॅक्टरीत, राहायला वेंटवर्थव्हिलला, आणि दोन मुली अजून वसईला आजीकडे. त्यांना इकडे आणायचे कागद इमिग्रेशनमध्ये पडलेले.

एव्हाना माझी खात्री झाली होती. इतकी भीती आणि गुन्हा नाही, असं मी तोवर पाहिलं नव्हतं. शिवाय दाराबाहेर सहकारी उभे होते, आणि मी माझ्या माणसाला सांभाळून घेतोय असं कुणी म्हणेल याची मला धास्ती होती. ही धास्ती मी तेव्हा कुणाजवळ कबूल केली नसती. सार्जंट चहा आणायला गेले आणि मी टाइपरायटर बाजूला सारला. तोवर मधूनच मराठीत बोललो तर तिला अहो-जाहो करत होतो. आता मराठीत, हळू आवाजात, एकदम एकेरीवर आलो.

“खरं सांग. नाहीतर इमिग्रेशनला मी स्वतः लिहितो. मुलींना इथे आणायचं विसर. फोटोतच बघ त्यांना.”

हे वाक्य इंग्रजीत कुठल्याही अधिकाऱ्याला सुचलं नसतं. कुठे दाबायचं ते मलाच ठाऊक होतं.

तिच्या खुर्चीचा पाय फरशीवर वाजायला लागला. मग ती म्हणाली, “साहेब, मी सिंह पुसला.”

हळूहळू सगळं बाहेर आलं. मालकीणबाईंनी चांदीसाठी गुलाबी मलम आणि मऊ फडकं दिलं होतं. पण त्याने तिचं समाधान होईना. लहानपणी सणाआधी ती आईबरोबर चर्चमधल्या वेदीवरचे पितळी स्टँड घासायला जायची, चाळलेली राख आणि लिंबू घेऊन. तेच तिने इथे केलं. शेकोटीतली राख वस्त्रगाळ करून दर शुक्रवारी चांदी घासली. बाईंच्या अंधुक डोळ्यांनाही चकाकी दिसायची, त्या खूश. आता चांदी वरून घासणं वेगळं. पण आपल्याकडची बाई भांडं उपडं करून बूडही घासते. बूड काळं राहिलं तर माझ्या आईच्या लेखी ते भांडं घासलेलंच नसे. इंग्लिश चांदीचे शिक्के नेमके तिथे, बुडाला असतात. कारागिराची अक्षरं, शहराची खूण आणि चांदी अस्सल असल्याची हमी देणारा चालता सिंह. दोनशे वर्षांत आधीच झिजलेला तो सिंह हिच्या राखेने आणखी झिजला. ईस्टरच्या आदल्या आठवड्यात तिने कडेला पोचा असलेला एक स्टँड उपडा केला तर सिंहाचं तोंड आणि पुढचे पाय गेलेले. भोवती बारीक गोल ओरखडे. त्या शिक्क्यांमुळेच त्या वस्तूला मोल आहे, हे बाईंकडून तिने ऐकलेलं होतं. त्या दिवसापासून तिने राख बंद केली, डबा लपवला आणि फडक्याने वरवर पुसायला लागली. बुडाकडे बघायचं धाडसच झालं नाही. टाकून दिला तर कचऱ्यात कुणाला दिसेल, म्हणून डबाही टाकला नाही. नोकरी गेली, पोलीस आले, तर मुलींच्या कागदांचं काय होईल, या भीतीत तिने चार महिने काढले होते.

मी तसाच उठलो आणि गाडी काढून त्या घरी गेलो. चारही स्टँड एकेक करून उपडे केले. प्रत्येकावर सिंह ठसठशीत. आयाळ दिसत होती, नखं दिसत होती. ओरखडा एकही नाही. म्हणजे राखेने घासलेले स्टँड ईस्टरनंतर कधीतरी या घरातून गेले होते. ते मिळाले तर ते स्वतःच बोलणार होते. मी मालकीणबाईंना विचारलं, ईस्टरनंतर हे घराबाहेर गेले होते का. त्या म्हणाल्या, एकदाच. जूनमध्ये, इथली थंडी सुरू होताना, तळ सैल झालेत म्हणून त्या भल्या कारागिराने दुरुस्तीला नेले होते, पंधरा दिवस.

परत येऊन मी तिला समजावलं की हे सगळं कागदावर यायला हवं, कारागिराकडे झडती घेण्याआधी, म्हणजे मागाहून रचलं असं कुणी म्हणू शकणार नाही. कुठल्या स्टँडचा सिंह गेला, किती गेला, सगळं. ती सही करेना. “सही केली म्हणजे मीच केलं असं झालं ना, साहेब?” मी काही होणार नाही असं सांगितलं. मला ते ठाऊक नव्हतं. कारागिराकडे काही मिळालं नसतं, तर चांदीचे शिक्के घासून टाकल्याची कबुली तेवढी उरली असती, तिच्या सहीची, माझ्या हातची. तिने क्रूस धरला आणि तिन्ही प्रतींवर सही केली.

वॉरंट दुसऱ्या दिवशी मिळालं. कारागिराने आम्हाला हसत आत घेतलं. शेडमध्ये खुर्च्या, आरशांच्या चौकटी, व्हार्निशचा वास. दोन तास झाले, काही नाही. त्या सहीचं पान डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. कोपऱ्यात लिहायचं एक जुनं महॉगनीचं कपाट होतं, उघडलं की फळी टेबलासारखी पुढे येते ते. आतला खण बाहेर काढला तर तो कपाटाच्या खोलीपेक्षा वीतभर आखूड निघाला. मागे हात घातला. लाकडी पट्टी सरकली. चारही स्टँड फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेले होते.

तो शांतपणे म्हणाला की हे गावाकडच्या एका लिलावात घेतलेत, असे पुष्कळ असतात. मी तिसरा स्टँड उपडा करून त्याच्यासमोर धरला आणि जबानी वाचून दाखवली. कडेला पोचा, सिंहाला तोंड नाही, पुढचे पाय नाहीत, भोवती गोल ओरखडे. त्याचा चेहरा उतरला. विम्याच्या माणसाच्या आधी आपणच बोंब मारली की आळ कामवालीवर जाईल, असा त्याचा हिशोब होता. तिच्या भीतीवर त्याने भरवसा ठेवला होता. मीही तेच केलं होतं.

त्याला शिक्षा झाली. मालकीणबाईंनी अंगठ्याने तो पुसट सिंह चाचपून पाहिला आणि कामवालीला एका शब्दाने बोलल्या नाहीत. चांदी मात्र त्या दिवसापासून कपाटात बंद करून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवू लागल्या. मुलींचे कागद वर्षभराने आले. मला शाबासकी मिळाली.

पुढे काही वर्षांनी वेंटवर्थव्हिलच्या एका हॉलमध्ये आमच्या वसईकरांचं नाताळचं जेवण होतं. ती दिसली. दोन उंच मुली बरोबर, आपसात इंग्रजीत बोलत हसत होत्या. मला मनापासून आनंद झाला. ताट हातात घेऊन मी तिच्याकडे निघालो. तिने मला पाहिलं आणि तिचं हसू जागीच थांबलं. तिने दोन्ही हात मागे नेले आणि मुलींना आपल्या पाठीशी ओढलं.

“मम्, हू इज ही?” धाकटीने विचारलं.

ती फक्त मान खाली घालून “साहेब” म्हणाली.

घाबरलेला माणूस गुन्हेगारच असतो असं नाही, हे मी त्या खटल्यात शिकलो, आणि पुढे नव्या पोरांना शिकवलंही. पण चोर पकडला तरी मी दाखवलेली भीती तिच्या अंगातून गेलेली नव्हती. ती परत घ्यायचं कुठलंही वॉरंट नसतं. मला माफी मागायची होती, पण मुलींसमोर काय म्हणून मागणार? मी ताट टेबलावर ठेवलं, कोट घेतला आणि बाहेर गाडीत जाऊन बसलो, म्हणजे तिला नीट जेवता येईल.