ठमीचं पथ्य

रावपुऱ्यातलं घर सोडून मथुराबाई शिर्के वासण्याच्या शाकाहारी गुजराती वस्तीतल्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या, तेव्हाच त्यांनी सोसायटीला शब्द दिला होता की घरात मांसमच्छी शिजणार नाही. शिर्क्यांचे पूर्वज गायकवाडांच्या घोडदळात होते आणि घोडदळ काही भेंडीच्या भाजीवर लढत नसे. तरी बाईंनी शब्द पाळला. रविवारी जुन्या शहरातल्या वाडी भागात भावाकडे जायच्या, रस्सा ओरपायच्या आणि परत येताना बडीशेप चघळत सभ्य चेहऱ्याने जिना चढायच्या.

मग त्यांची मांजर ठमी खाल्लेलं ओकू लागली. वाळून पार पायपुसणं झाली. प्राण्यांच्या डॉक्टर निरुपमाने पोट चाचपलं तर हाताला गाठ लागली. ऑपरेशन करून तिने आतड्याचा तेवढा तुकडा काढला, टोकाला टोक शिवलं. गाठ तपासली तर लिम्फोमा, म्हणजे कॅन्सरच.

"कायमचा जाईल असं मी म्हणत नाही," निरुपमा म्हणाली, "पण केमोची इंजेक्शनं दिली तर चांगले दिवस मिळतील. फक्त तिच्या पोटात अन्न गेलं पाहिजे. उकडलेलं चिकन द्या."

बाईंनी कूकर चढवला. शिटी होते न होते तोच चेअरमन हार्दिकभाई दारात हजर. तो गुजरातीत बोलायचा, बाई मराठीत, आणि भांडण दोघांनाही नीट समजायचं.

"मासी, नियम एटले नियम."

"मला नको आहे ते. आजारी मांजरीला आहे. तिची केमो चालू होतेय."

"बिलाडीने केमो?" त्याला हसू आवरेना. "जवा दो ने, मासी. बे दिवसनी महेमान छे."

दोन दिवसांची पाहुणी! बाईंच्या छातीत सासरचे सगळे घोडे एकदम खिंकाळले. पण आवाज त्यांनी खालीच ठेवला.

"हार्दिकभाई, ही जगणार. आणि रोज सकाळी तुमच्या पायपुसण्यावर बसून अंग चाटणार."

तेव्हापासून चिकन वाडीत शिजायचं आणि रिक्षातून डब्यात यायचं. इंजेक्शननंतर ठमी ताटलीकडे पाठ फिरवून बसे. मग बाई एकेक धागा तिच्या ओठाला लावत. "खा गं. त्याच्या नाकावर टिच्चून खा." डॉक्टरने बजावल्याप्रमाणे हातमोजे घालून तिची शी-शूची वाळू उपसताना त्या चेअरमनला मनातल्या मनात त्याच वाळूत बसवत. देवाचं नाव घेऊन माणसं जगवतात, बाईंनी मांजर हार्दिकभाईचं नाव घेऊन जगवली. ठमी अंगाने भरली. रोज सकाळी बाई तिला चेअरमनच्या पायपुसण्यावर नेऊन ठेवत आणि जिन्यात लसूण सोलत पहारा करत.

संक्रांतीचं उत्तरायण तोंडावर आलं आणि हार्दिकभाईच्या माळ्यावर उंदरांनी पतंगांची चाळण केली. तो आला, या वेळी चपला बाहेर काढून.

"मासी, ठमीने थोडा दिवस मोकलो ने."

"पाठवते. पण तिला उंदीर मना आहेत. नुसती बसेल, वासाने पळाले तर पळाले. पण दर इंजेक्शनला गाडी तुमची. आणि येताना वाटेत मला एके ठिकाणी थांबायचं असतं."

ते ठिकाण म्हणजे चिकनचं दुकान. पुढच्या इंजेक्शनहून परतताना बाईंनी हार्दिकभाईकडून गाडी बरोब्बर पाटीसमोर उभी करवली. आत त्यांनी तुकडा न् तुकडा उलटून पाहिला, दुकानदाराच्या कोंबड्यांची खुशाली विचारली. बाहेर सोसायटीतलं एक जोडपं स्कूटर हळू करून गाडीत डोकावलं.

"केम छो, चेअरमनसाहेब?"

बाईंना ते ऐकून इतकं गार वाटलं की त्यांनी कलेजीही घेतली.

परत आल्या तर गाडीत ठमीची टोपली रिकामी. ठमी हार्दिकभाईच्या पांढऱ्या शर्टावर ओकली होती आणि त्याच्याच मांडीवर मान टाकून पडली होती. तो हलायला घाबरत होता.

"मासी, ध्रूजे छे," तिच्या थरथरत्या पाठीवर हात ठेवत तो हळूच म्हणाला आणि चक्क अर्ध्यामुर्ध्या मराठीत शिरला. "आता वाडीला नका जाऊ. घरीच उकडून द्या. मिटिंगमध्ये हुं जोई लईश."

बाई खट्टू झाल्या. सूड असा ऐन रंगात आलेला आणि या मेल्याने मधेच माणुसकी दाखवावी? गाडीचं दार ओढून घेत त्या म्हणाल्या, "बरं. पण खिडक्या मी सताड उघड्या ठेवणार."