एक डबा दाखव

देवावर माझा विश्वास नव्हता असं नाही. देवासाठी वेळ नव्हता, एवढंच. त्या वर्षी मी परदेशातल्या विद्यापीठातून अभ्यासाच्या कामासाठी झाशीला, आपल्याच घरी, आले होते आणि माझ्या वहीत 'श्रद्धा' नावाचा एक रकाना आखलेला होता. त्यात मी इतरांच्या श्रद्धा भरत असे. कोण कुठे नारळ ठेवतं, कोण कोणाकडून झाडफूक करून घेतं, सगळं नीट, तारीखवार. स्वतःचं नाव मात्र मी त्या वहीत कुठेच घातलं नव्हतं.

माझा विषय लोकांना समजावताना माझी नेहमी तारांबळ उडायची. 'वैद्यकीय मानवशास्त्र' म्हटलं की माणिक चौकातले ओळखीचे दुकानदार "अच्छा, डॉक्टरी!" म्हणून लगेच आपली गुडघेदुखी सांगू लागत. मी डॉक्टर नव्हे. माझा प्रश्न साधा होता. जगभर तान्ह्या मुलांना न्यूमोनिया होतो, त्यावर औषध आहे, ते सरकारी दवाखान्यात मिळतंही. तरी आया मुलांना इतक्या उशिरा का आणतात? आजाराला घरातली माणसं काय म्हणतात, आधी कोणाकडे धावतात, कशाला घाबरतात, हे त्यांच्या ओसरीवर बसून ऐकायचं, हे माझं काम. विद्यापीठात माझ्याइतकं चांगलं ऐकणारं कोणी नाही, असं मला मनातून वाटत असे.

काम चिरगावपलीकडच्या एका खेड्यात होतं. रोज सकाळी बस पकडून जायचं आणि संध्याकाळी परतायचं. महिना उलटला तरी एकाही आईने "माझ्या बाळाला निमोनिया झाला होता" असं सांगितलं नाही. "सांस की तकलीफ?" "नईं." मात्र एक गोष्ट जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू येई. "मोड़ा खों डब्बा लग गओ तो." मुलाला डबा लागला होता. मी मनात टाळी वाजवली. आमच्या घरात आई सहज म्हणते, बाळाला वरचं दूध लागतं, अमक्याच्या नातवाला डबा लागतो. म्हणजे आईचं दूध पुरत नाही, दुधाच्या पावडरीचा डबा आणावा लागतो. इतक्या आडबाजूच्या खेड्यात डब्याचं दूध पोचलं! मी त्यावर एक अख्खं प्रकरण लिहून काढलं. दूरदेशीच्या कंपन्या, गरिबाचं अंगण, आईच्या दुधावर उठलेला बाजार, सगळं आलं त्यात. माझ्या मार्गदर्शक बाई ते वाचून इतक्या खूश झाल्या की त्यांनी ते एका परिषदेत वाचायचंही ठरवून टाकलं.

एकच गोष्ट मला टोचत होती. त्या गावात मला दुधाचा एकही डबा दिसला नव्हता. खेड्यात पत्र्याचा डबा कोणी फेकत नाही. त्यात मीठ राहतं, डाळ राहते, सुईदोरा राहतो. मी चुलीजवळ पाहिलं, फळीवर पाहिलं. मातीची मडकी होती, पितळी डबे होते, दुधाचा डबा नव्हता. पण परिषद ठरलेली होती आणि मी ती शंका गिळून टाकली.

एका सोमवारी कमलाने मला दारातच गाठलं. ऐन विशीतली, पहिलटकरीण, बाळ चार महिन्यांचं. तिचा चेहरा उतरलेला होता. "दीदी, मोड़ा खों डब्बा लग गओ." मला बसची घाई होती. बाळ आत आजीजवळ होतं, ते मी पाहिलंही नाही. मी तिच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, "घबराओ मत. अपना दूध पिलाती रहो, डब्बा छूट जाएगा." तिने डोळे मोठे करून विचारलं, "छूट जैहे, दीदी?" आणि मी, एवढी शिकलेली, छातीठोकपणे म्हणाले, "हाँ हाँ, दो दिन में छूट जाएगा." तिचा चेहरा उजळला. मीही समाधानाने बसमध्ये चढले.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. आमच्या घराण्याचे मूळ पुरुष पौरोहित्यासाठी महाराष्ट्रातून इकडे आले आणि इथलेच झाले. आता पौरोहित्य गेलं, नोकऱ्या आल्या, पण आईचा मंगळवार कधी चुकत नाही. उपास, दूर्वा, गणपतीचं दर्शन. त्या दिवशी तिचा पाय मुरगळला होता. "अगं, बस काय, मागून दुसरी येईल. माझ्याऐवजी दूर्वा वाहून ये ना जरा. ज्यादा देर नाही लागणार," ती म्हणाली. मी कुरकुरत गेले. दूर्वा वाहिल्या, हात जोडले, आणि काय मागावं ते सुचेना म्हणून थट्टेने मनात म्हटलं, बाप्पा, तू खरंच असलास तर मला एक डबा दाखव. एकच. मग मी स्वस्थ झोपेन.

माझी नेहमीची बस अर्थातच निघून गेली होती. पुढच्या बसमध्ये खिडकीजवळ एक म्हातारी बसली होती, चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं, हातात चांदीची जाड कडी, आणि मांडीवर दोन्ही हातांनी घट्ट धरलेला दुधाच्या पावडरीचा डबा. मी अक्षरशः खुदकन हसले. तिच्याशेजारची जागा तेवढी रिकामी होती. बसल्या बसल्या मी अगदी लाडीगोडीने विचारलं, "अम्मा, घर में किस बच्चे को डब्बा लगा है?"

म्हातारीने डबा झटकन छातीशी ओढला. "राम राम! काए बिन्नू, कैसी बातें करतीं? डब्बा लगे बैरी खों! हमाई नातिन के मोड़ा भओ है. जा में तो सोंठ के लड्डू हैं." तिच्या नातीला मुलगा झाला होता, डब्यात बाळंतिणीसाठी सुंठीचे लाडू होते. बसमधली दोनचार माणसं वळून बघू लागली. मी गोंधळून विचारलं, डब्बा म्हणजे हाच ना, दुधाचा? तेव्हा तिने माझ्याकडे असं पाहिलं की तेवढं बोलकं उत्तर मला कोणी दिलं नसेल. मग तिने माझा हात धरून स्वतःच्या बरगड्यांवर ठेवला आणि पोट आत ओढून भराभर श्वास घेऊन दाखवला. "ऐसे पसली चलत. पेट में गड्ढा परत. मोड़ा दूध छोड़ देत. बेई तो डब्बा आय."

बरगड्या उडतात, पोटात खड्डा पडतो, मूल दूध सोडतं: तो न्यूमोनिया होता. पुस्तकात जशी लक्षणं दिलेली असतात तशीच, एक न सोडता. महिनाभर प्रत्येक आई मला तेच सांगत होती आणि मी ते दुधाच्या रकान्यात लिहीत होते. त्यांच्या बोलीतलं 'लगना', म्हणजे आजार जडणं, मी माझ्या मराठी कानाने 'गरज लागणं' म्हणून ऐकलं होतं. आणि मग मला कमला आठवली. दो दिन में छूट जाएगा. मी रडू लागले. जन्मात कधी अशी चारचौघांत रडले नव्हते.

म्हातारीने कारण विचारलं, मी सांगितलं. चिरगावला तिचा नातजावई जीप घेऊन उभा होता. "लड्डू बाद में," तिने त्याला फर्मावलं, "पैलें ई बिन्नू के संगे जा." मला पुढे बसवलं, स्वतः मागे बसली. वाटभर मी फक्त एवढंच म्हणत होते, माझ्या शब्दाची शिक्षा त्या बाळाला नको. देवाकडे कसं मागायचं ते मी विसरले होते. जे आलं ते मागितलं.

कमला दारातच बसली होती, बाळ मांडीवर. त्याच्या बरगड्या खरोखरच आत ओढल्या जात होत्या. "दीदी, आपने कई ती दो दिन," ती म्हणाली. तक्रार नव्हती तिच्या बोलण्यात. ती वाट बघत होती, माझ्यावर भरवसा ठेवून. मी म्हटलं, "मैं गलत थी कमला, चलो." ती उठलीच. जीपने सरकारी दवाखाना गाठला, डॉक्टरांनी बाळाला लगेच आत घेतलं, सुई दिली, प्राणवायू लावला. आणखी एक दिवस गेला असता तर, असं ते म्हणाले आणि वाक्य अर्धंच ठेवून कामाला लागले. दुपार कलताना बाळाने डोळे उघडले, इकडेतिकडे तोंड फिरवलं आणि आईच्या छातीला लागून असं चुटूचुटू दूध ओढलं की परिचारिकेनेही काम थांबवून पाहिलं. कमला हसली, मी हसले. तिथल्याच भिंतीवर 'निमोनिया' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं चित्र होतं. गावातल्या सगळ्या आया ते बघून गेल्या होत्या. ते डब्ब्याबद्दल आहे हे एकीलाही माहीत नव्हतं. माझ्या सगळ्या संशोधनाचं उत्तर त्या भिंतीवर होतं. परिचारिकेने माझ्यासमोर खडूने खाली लिहिलं, 'यानी डब्बा'.

म्हातारी केव्हा निघून गेली ते कळलंच नाही. लाडवांचा डबा मात्र ती माझ्या पिशवीवर ठेवून गेली होती.

घरी येऊन मी तो आईपुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. आई म्हणाली, "डबा म्हणजे ते होय! अगं, आपल्याकडे जुनी माणसं तेच म्हणायची. तुला झाला होता की सहाव्या महिन्यात. छावणीजवळ एक डॉक्टरीणबाई होत्या, त्यांनी सुई दिली. मी मंगळवार धरले. तेव्हापासूनचेच तर हे मंगळवार."

मी तिला विचारलं, "मग मी बरी कशानं झाले? सुईनं की मंगळवारानं?" आई मुरगळलेला पाय चोळत म्हणाली, "मला काय ठाऊक बाळ. तू बरी झालीस, मग मी विचारत कशाला बसू?" ज्या उपासाची मी इतकी वर्षं टिंगल केली तो माझ्यासाठीच होता, आणि तो शब्दही माझ्याच घरात होता. मला फक्त विचारायचं होतं. त्या दिवशी मी आईच्या पायाला तेल लावलं आणि बराच वेळ तिच्याजवळ बसून राहिले.

मार्गदर्शक बाईंना मी सगळं खरं लिहून कळवलं. प्रकरण फाडलं. त्यांचं उत्तर आलं की आता खरा अभ्यास सुरू झाला. पुढे प्रत्येक ओसरीवर माझा पहिला प्रश्न बदलला: "आप इसे क्या कहती हैं?" आणि उत्तर आल्यावर मी ते समजले असं धरून न चालता पुन्हा विचारत असे, म्हणजे काय, मला दाखवा. बायका हसायच्या, पण दाखवायच्या.

दहाबारा दिवसांनी मी डबा परत द्यायला गेले. भरून आलेला डबा रिकामा परत करत नाहीत, म्हणून आईने रव्याचे लाडू भरून दिले होते. नातजावयाचं घर चिरगावात शोधायला वेळ लागला नाही. कमला बरोबर होती, कडेवर बाळ. म्हातारीने लाडू ताटात काढून घेतले, बाळाच्या बरगड्यांवरून हात फिरवला आणि तो रिकामा डबा त्याच्यापुढे धरला. बाळाने दोन्ही हातांनी त्यावर धपाधप मारायला सुरुवात केली. म्हातारी खळखळून हसली आणि म्हणाली, "बस, अब जोई डब्बा लगे ई खों."

याला लागायचाच तर आता हाच डबा लागो! मी तिला वाकून नमस्कार केला. मी देवाकडे थट्टेत एक डबा मागितला होता. त्याने तो माझ्या शेजारच्या जागेवर आणून बसवला, आणि माझी चूक दाखवून मला लाजवलं नाही, लाडू दिले. हे कसं घडलं याचा हिशेब मी मांडत नाही. परतल्यावर वहीतल्या 'श्रद्धा' या रकान्यात मी पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिलं आणि पुढची जागा कोरी ठेवली. ती अजून कोरीच आहे. दर मंगळवारी दूर्वा वाहायला आता मी जाते.