ढिला ब्रेक

मला एका जागी बसवून कोणी शिकवायला लागलं की माझा उजवा पाय हलायला लागतो. शाळेपासूनची खोड आहे. त्यामुळे दुचाकी सुरक्षिततेचं एक दिवसाचं प्रशिक्षण केल्याशिवाय गाडी गेटच्या आत घेणार नाही, असा फतवा कारखान्याने काढला तेव्हा माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. अठ्ठावीस वर्षं मी सिडको ते सातपूर गाडीवर जातोय. आता रविवार घालवून काय शिकायचं, क्लच कुठे असतो ते?

मैदान आडगावच्या पुढे होतं. नव्यांचा एक गट, जुन्यांचा दुसरा. जुन्यांना शिकवायला आलेली मुलगी माझ्या लेकीपेक्षा फार तर दोन वर्षांनी मोठी असेल. तिने आल्या आल्या सगळ्यांचे मोबाईल एका टोपलीत जमा केले आणि तासभर फळ्यापुढे बोलली. माझा पाय हलत राहिला. शेजारी नामपूरकडचा आमचा सिक्युरिटी गार्ड बसला होता. तो म्हणाला, "चहाच्या टायमापर्यंत दम धरा, साहेब. चहा पिऊन लय झोप येईल, मंग काय वाटणार नाय."

चहानंतर झोप नाही, परीक्षा आली. चाळीसच्या वेगाने यायचं आणि नारंगी खुणेपाशी ब्रेक लावायचा, रोज लावतो तसाच. पुढे पुठ्ठ्याचं मोठं खोकं ठेवलं होतं. ते खोकं म्हणजे रस्त्यात अचानक आलेला माणूस, असं तिने बजावलं होतं. मी आलो, ब्रेक दाबला. मागचं चाक घसरलं आणि गाडी सरळ त्या माणसावर जाऊन आदळली.

"काका, पुढचा ब्रेक तुम्ही लावतच नाही?"

"मला पडायचं नाहीये."

सगळे हसले. गार्डने माझी बाजू घेतली. "पुढला ब्रेक लावला की माणूस डायरेक पालथा, मॅडम."

ती माझ्याच गाडीवर बसली, त्याच वेगाने आली आणि खोक्याच्या कितीतरी अलीकडे थांबली. मग मला म्हणाली, "झटका द्यायचा नाही. लिंबू पिळतो तसा हळूहळू दाबत न्यायचा, आणि गाडी सरळ असतानाच. थांबवायचं खरं काम पुढचाच ब्रेक करतो." तिसऱ्या खेपेला मला जमलं. खोक्याच्या आणि माझ्या मध्ये एक म्हैस आरामात उभी राहिली असती. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण मी ब्रेकच्या दांड्याकडेच बघत राहिलो.

कारण मला तो ब्रेकचा नट आठवला.

लग्नानंतर महिनाभराने, द्वारका चौकाच्या वळणावर वाळूत मी पुढचा ब्रेक दाबला होता आणि बायकोला घेऊन आडवा झालो होतो. तिच्या गुडघ्याला सहा टाके पडले. तेव्हापासून तो ब्रेक मेला असंच मी समजत आलो. आठ महिन्यांपूर्वी लेकीला वणीला एका लॅबमध्ये नोकरी लागली, तेव्हा माझी जुनी मोटरसायकल तिला दिली. द्यायच्या आधी पुढच्या चाकापाशी बसलो आणि ब्रेकच्या केबलचा नट फिरवत फिरवत इतका ढिला केला, की दांडा पूर्ण दाबला तरी काही होऊ नये. घाबरून पोरीने चुकून दाबला तर पडायला नको, म्हणून. गाडीचं सर्व्हिसिंग मी घरीच करायचो, त्यामुळे कुणा मेकॅनिकच्याही ते नजरेस आलं नाही. आपल्या हुशारीचं मला मोठं कौतुक वाटलं होतं.

रविवारी तिची अर्धी पाळी असते. म्हणजे आत्ता ती रस्त्यावर होती.

टोपलीतून मोबाईल काढून मी फोन लावला. उचलला नाही. गाडीवर असताना फोन घ्यायचा नाही, हे मीच तिला शिकवलेलं. पुन्हा लावला. मैदानाच्या कडेला चार फेऱ्या मारल्या, पुन्हा लावला. डबा उघडला आणि तसाच बंद केला. शेवटी हेल्मेट उचललं. शिकवणारी मुलगी आडवी आली. "काका, अर्ध्यातून गेलात तर सर्टिफिकेट मिळणार नाही."

"नको. माझी मुलगी रस्त्यावर आहे."

तिला काय कळलं कोण जाणे, ती बाजूला झाली आणि म्हणाली, "सावकाश जा."

सावकाश कसला जातोय! दिंडोरी रोडला लागलो आणि समोरून येणारी प्रत्येक दुचाकी निरखायला लागलो. द्राक्षांचे टेम्पो, एसटी, तिघं बसलेल्या गाड्या. लांब कुठे गर्दी दिसली की मी वेग वाढवायचो, जवळ गेलं की वडापावची गाडी असायची. दिंडोरी मागे पडली. आणि मग ती दिसली. रस्त्याच्या अगदी कडेने, सायकलच्या वेगाने येत होती. मागचे सगळे हॉर्न मारून तिला ओलांडत होते.

मी हात केला. तिने मला पाहिलं, आणि बऱ्याच लांबूनच दोन्ही पाय खाली सोडून, चपला रस्त्यावर घासत घासत गाडी थांबवली. आठ महिन्यांत तिसरी चप्पल का झिजली, म्हणून मी तिला मागच्याच आठवड्यात बोललो होतो.

"पप्पा? आई बरी आहे ना?"

मी तिथेच, धुळीत उभा राहून तिला सगळं सांगितलं. ती ऐकत होती. मग तिने पुढच्या ब्रेकचा दांडा दाबला, सोडला, पुन्हा दाबला.

"दिवाळीच्या आधी मी जिन्यात पडले म्हणून सांगितलं, ते खोटं होतं," ती म्हणाली. "पुढे ट्रॅक्टर थांबला. मी मागचा दाबला, मग हाही दाबला. गाडी थांबलीच नाही. ट्रॉलीला धडकले. वाटलं, आपल्याला जमतच नाही. पुढच्या महिन्यापासून एसटीचा पास काढणार होते."

मी म्हणालो, "चुकलो मी."

"तुम्ही रोज म्हणायचात पप्पा, तुला अंदाज नाही. रोज."

मी चाकापाशी वाकलो, तर ती म्हणाली, "तुम्ही नका. मला दाखवा." मी बोटाने दाखवलं, तिने नट आवळला. गाडी ढकलून, ब्रेक दाबून पाहिला, पुन्हा अर्धा फेरा आवळला. घरी येईपर्यंत ती माझ्या पुढे होती आणि तिने एकदाही मागे वळून बघितलं नाही. संध्याकाळी बायकोला मी सगळं सांगितलं. ती कितीतरी वेळ भांडी आपटत होती.

पुढच्या रविवारी लेकीने रजा घेतली आणि आम्ही दोघं मैदानावर गेलो. मला सगळं पहिल्यापासून करायचं होतं, तिला नव्यांच्या गटात नाव घालायचं होतं. टेबलावर वाकून तिने फॉर्म भरायला घेतला. नाव, वय, लायसन्स. खाली एक रकाना होता : गाडी चालवायला कोणी शिकवलं? तिचं पेन तिथे थांबलं. सिडकोच्या गल्लीत गाडीचं सीट धरून मी तिच्यामागे किती संध्याकाळी धावलो होतो. मी तोंड फिरवलं, पण राहवलं नाही, वळून पाहिलंच.

तिने लिहिलं होतं, "स्वतः."

फार लागलं मला. आणि त्यात खोडण्यासारखं काहीच नव्हतं.